अंगठा उचलल्यावर चालणारा माणूस

अंगठा स्टिकवरून उचलला की पडद्यावरच्या माणसानं थांबायला हवं. तो थांबत नाही. डावीकडे, सावकाश, कुणीतरी हाक मारल्यासारखा चालत राहतो. मैदानात असेल तर बॉल सोडून जातो, कड्यावर उभा असेल तर खाली पडतो. गेम खेळणारी पोरं याला ‘ड्रिफ्ट आला’ म्हणतात आणि कंट्रोलर दोनदा मांडीवर आपटतात. त्यानं क्वचित फरक पडतो, म्हणून सवय सुटत नाही.

खेळणारा शपथेवर सांगेल की आपण काही केलं नाही. यंत्रही तितक्याच प्रामाणिकपणे सांगेल की डावीकडे जा असं आपल्याला सांगितलं गेलं. हरल्याची नोंद मात्र खेळणाऱ्याच्या नावावर होते. मग चाललं कोण? हात स्थिर, मन स्थिर, तरी कृती घडली. तिचा कर्ता कुणाला म्हणायचं? प्रश्न पोरकट वाटला तरी जुना आहे. त्यावर डोकं खाजवणाऱ्या काही परंपरांच्या खुणा कोकणातल्या महाड-पोलादपूरच्या पट्ट्यात आढळतात.

आधी यंत्र उघडून पाहिलेलं बरं. स्टिकच्या खाली बोटाच्या पेराएवढी चौकोनी डबी असते आणि तिच्या दोन बाजूंना दोन पोटेन्शिओमीटर बसवलेले असतात, एक आडव्या हालचालीसाठी, एक उभ्या. जुन्या रेडिओच्या आवाजाच्या बटणात हाच भाग असतो. बटण फिरवताना येणारी खरखर हा त्याचाच आजार. आत कार्बनचा थर दिलेली छोटी पट्टी आणि तिच्यावर घासत फिरणारा धातूचा बारीक स्पर्शक. स्पर्शक मध्यावर असला की पट्टीवरच्या विद्युतदाबाच्या निम्मा दाब पुढे जातो. चिप त्या दाबाचा आकडा करते. शून्य ते २५५ अशी मोजणी धरली तर विश्रांतीचा आकडा १२७ किंवा १२८. अंगठा उचलला की स्प्रिंग स्टिकला मध्यावर आणते आणि आकडा तिथं येऊन बसतो, निदान बसायला हवा.

वर्षभर घासून कार्बन झिजतो. झिजही सारखी नसते. स्टिक बहुतेक वेळ मध्याच्या आसपास घुटमळत असल्यानं तिथलाच थर सर्वांत आधी जातो. सुटलेली भुकटी पट्टीवरच पडून राहते, बाहेरची धूळ तिला येऊन मिळते. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस झेलणाऱ्या महाडच्या दमट हवेत ती धूळ कोरडी राहत नाही. स्पर्शक अर्धवट टेकतो, आकडा १२८ ऐवजी १४० होतो, आणि चिप तो खरा मानते. अंगठा पाहायला तिच्याकडे डोळे नाहीत.

यावर उपाय फार पूर्वीच सापडला होता, ही यातली मौज. एडविन हॉल यांनी १८७९ मध्ये दाखवलेल्या चुंबकीय परिणामावर चालणारी, काहीही न घासणारी स्टिक सेगा कंपनीनं १९९६ च्या सॅटर्नच्या कंट्रोलरमध्ये आणि पुढे १९९८ च्या ड्रीमकास्टमध्ये वापरली होती. बाकीचा बाजार मात्र स्वस्त कार्बनवरच राहिला. निन्टेन्डोचं स्विच २०१७ मध्ये आलं, त्याच्या जॉय-कॉन कंट्रोलरच्या ड्रिफ्टवरून २०१९ मध्ये अमेरिकेत खटला दाखल झाला, आणि जून २०२० मध्ये कंपनीचे अध्यक्ष शुंतारो फुरुकावा यांनी झालेल्या त्रासाबद्दल ग्राहकांची माफी मागितली.

घरी दुरुस्ती करायची तर हत्यारं फार लागत नाहीत. प्लेस्टेशनच्या कंट्रोलरला साधा फुलीचा स्क्रू-ड्रायव्हर चालतो, एक्सबॉक्सला सहा पाकळ्यांचा टी-८ लागतो, जॉय-कॉनला तीन पाकळ्यांचा. झाकण उघडताना आतली पातळ रिबन केबल फाटू द्यायची नाही आणि सगळ्यांत आधी बॅटरीची पिन काढायची. पोटेन्शिओमीटरचं प्लॅस्टिकचं झाकण नखानं किंवा चिमट्यानं निघतं. आतल्या पट्टीवरून आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा हलकेच फिरवायचा, स्पर्शकाची टोकं पुसायची, नीट वाळू द्यायचं. काहीजण घरातला अत्तराचा किंवा डिओचा फवारा मारतात. त्यानं कंट्रोलर सुवासिक होतो आणि आत चिकट थर राहतो. २२ जुलै २०२१ च्या पुरात महाडच्या बाजारपेठेनं गाळ म्हणजे काय ते पाहिलं आहे. यंत्रात शिरलेलं पाणी वाळतं, पण मागे राहिलेला गाळ ओल धरून वीज नको तिथं नेत राहतो, हे तिथल्या दुरुस्तीवाल्यांना समजावून सांगावं लागत नाही.

सफाईनं आजार काही दिवस, कधी काही महिने दबतो. झिजलेला कार्बन परत उगवत नाही. मग पुरी डबीच बदलावी लागते: सहा पाय दोन पोटेन्शिओमीटरचे, चार बटणाचे, चार सांगाड्याचे, असे चौदा सांधे सोल्डरिंग आयर्ननं सोडवायचे आणि चौदा नव्यानं जोडायचे. मोबाईल दुरुस्त करणाऱ्या सवयीच्या हाताला हे अवघड नाही. नवख्यानं घाई केली तर बोर्डावरची तांब्याची टिकली उचकटून येते आणि दुरुस्ती संपते.

आता पुन्हा प्रश्नाकडे. महामार्गावरून महाडला येताना गावाच्या अलीकडे डोंगराच्या पोटात गांधारपाल्याची लेणी दिसतात. सुमारे तीस, इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांतली. काहींत भिक्षूंच्या कोठड्या आहेत, कोठड्यांत निजायला दगडी ओटे. असे दगडी निवारे पुढे बारमाही वस्तीचे झाले, पण भिक्षूंनी एका जागी थांबण्याची रीत सुरू झाली ती पावसामुळे, आणि त्या रीतीची कथा ड्रिफ्टच्या प्रश्नाला थेट भिडणारी आहे.

विनयपिटकाच्या महावग्गात ती येते. लोक कुरकुर करू लागले की हे शाक्यपुत्र भिक्षू उन्हाळा-पावसाळा न पाहता हिंडतात, हिरवं गवत तुडवतात, बारीक जिवांना पायाखाली मारतात. दुसऱ्या पंथांचे साधू पावसात एका जागी बसतात, पाखरंसुद्धा झाडावर घरटं करून राहतात, यांनाच काय झालं? बुद्धांनी तक्रार ऐकली आणि भिक्षूंना वर्षावासाचा नियम घालून दिला.

याच बुद्धांच्या नावावर दुसरी एक गोष्ट आहे. धम्मपदाच्या पहिल्याच गाथेवरच्या अट्ठकथेत चक्खुपाल नावाचे स्थविर भेटतात. पावसाळ्याचे तीन महिने अंग टेकायचं नाही असं व्रत घेऊन त्यांनी डोळे गमावलेले. पुढे जेतवनात असताना एका रात्री पाऊस पडला, आणि पहाटे त्यांच्या चालण्याच्या वाटेवर इंद्रगोप, म्हणजे कोकणात पहिल्या पावसात निघणारे ते मखमली तांबडे मृगाचे किडे, पायाखाली चिरडले गेले. पाहुण्या भिक्षूंनी तक्रार केली. बुद्धांनी विचारलं, त्यांना मारताना तुम्ही पाहिलंत का? नाही. तसंच त्यांनीही किडे पाहिले नव्हते. मारण्याचा हेतू नव्हता, तेव्हा दोषही नाही. हेतू हेच कर्म, हे बुद्धांचं सूत्र अंगुत्तर निकायात वेगळं सांगितलेलं आहेच.

दोन्ही कथा शेजारी ठेवल्या की एक गोष्ट लक्षात येते. आंधळ्या चक्खुपालाला निर्दोष ठरवणारी परंपरा आपल्या डोळस भिक्षूंना मात्र तीन महिने घरात बसवते. तिथंही किडे मारण्याचा हेतू कुणाचा नव्हता. दोष कुणाचाच नाही, तरी व्यवस्था बदलायची. हेतूच्या शुद्धतेवर एवढा भर देणाऱ्या धर्मानं ‘आमचा हेतू चांगला आहे’ एवढ्या उत्तरावर लोकांना परत पाठवलं नाही, हे विशेष.

या बाबतीत जैनांचा हिशेब अधिक काटेकोर आहे. बौद्धांच्या उपालिसुत्तात निगंठांचं, म्हणजे जैन साधूंचं, मत असं रंगवलं आहे की त्यांना शरीराची कृतीच सर्वांत जड वाटते, मनाची तितकी नाही. प्रतिपक्षाचं मत प्रतिपक्षाकडून ऐकायचं नसतं. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या आहे ती प्रमादातून, म्हणजे बेसावधपणातून, घडलेला प्राणघात अशी. नुसता हेतू नाही, नुसती कृतीही नाही. मधली तिसरी जागा. म्हणूनच ईर्यासमिती: चालताना पुढची चार हात जमीन पाहत चालायचं. तशी पाहूनही एखादा जीव सापडला तर तो प्रमाद नाही. न पाहता चाललात आणि काहीच मेलं नाही, तरी प्रमाद झालाच.

ड्रिफ्टच्या पहिल्या दिवशी खेळणारा चक्खुपाल असतो. त्याला कळतही नाही. आपलाच नेम चुकतोय असं समजून तो स्टिक आणखी जोरात दाबतो, आणि त्या जोरानं कार्बन आणखी झिजतो. भिक्षू नागसेन आणि ग्रीक राजा मिलिंद यांच्या संवादातलं एक विचित्र उत्तर इथं उपयोगी पडतं. जाणून पाप करणाऱ्याचं पाप मोठं की न जाणता करणाऱ्याचं, असं राजानं विचारलं. न जाणता करणाऱ्याचं, नागसेन म्हणाले. राजा चकित झाला: आमच्या दरबारात तर नकळत चूक करणाऱ्याला आम्ही दुप्पट शिक्षा द्यायला हवी म्हणायची! नागसेनांनी तापलेल्या लोखंडी गोळ्याचं उदाहरण दिलं. ठाऊक असूनही तो धरणाऱ्यापेक्षा ठाऊक नसताना धरणाऱ्याचा हात जास्त भाजतो. न्यायाचा निकष म्हणून हे उत्तर पटण्यासारखं नाही, आणि चक्खुपालाच्या कथेशीही ते नीट जुळत नाही. पण चटक्याचं वर्णन म्हणून ते अचूक आहे. ज्याला कळलेलं नाही त्याचा हात मागे येत नाही. (नागसेनांचं रथाचं उदाहरण याहून कितीतरी प्रसिद्ध, डबी बदललेला कंट्रोलर तोच की दुसरा, या चर्चेत ते कुणीही काढेल. इथं त्याची गरज नाही. चौदा सांधे जोडून झाल्यावर खेळणारा पोरगा तो प्रश्न कधीच विचारत नाही.)

गीतेचा अठरावा अध्याय दोष वाटून देतो. कोणत्याही कर्माची पाच कारणं: अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी करणं, निरनिराळ्या चेष्टा आणि पाचवं दैव. ज्ञानेश्वरीनं या पाचांचा विस्तार मन लावून केला आहे. एकट्यालाच कर्ता समजणाऱ्याला खरं दिसत नाही, असं गीता पुढे म्हणते. खेळाच्या बाबतीत हा हिशेब चपखल बसतो. करण बिघडलं, कर्ता स्वस्थ होता, दैवात दमट हवा होती. धोका असा की पाच नावं समोर आली की प्रत्येकजण पुढच्याकडे बोट दाखवतो. कंपनी म्हणते वापर जास्त झाला, गिऱ्हाईक म्हणतं माल हलका होता, दुकानदार म्हणतो हवाच तशी. अहंकार घालवण्यासाठी सांगितलेली विभागणी जबाबदारी झटकायला वापरता येते, आणि आपल्याकडे ती तशी सर्रास वापरली जाते.

महाडमध्ये हा प्रश्न ग्रंथात राहिला नाही. चवदार तळ्याची गोष्ट गेमच्या कंट्रोलरशेजारी ठेवणं कुणाला उथळ वाटेल, पण हेतू आणि यांत्रिक कृती यांचा सगळ्यांत उघड सामना इथं याच गावात झाला. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात १९२३ साली संमत झाला. त्याला धरून महाडच्या नगरपालिकेनं १९२४ मध्ये तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागदावर सगळं जागच्या जागी आलं; तळ्यावर जाण्याची सोय मात्र अस्पृश्यांना पुढची तीन वर्षं झाली नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि परिषदेला जमलेले हजारो लोक तळ्यावर गेले, पाणी प्यायले. त्यानंतर सनातन्यांनी मंत्र म्हणत पंचगव्याच्या १०८ घागरी ओतून तळं ‘शुद्ध’ केलं.

त्या शुद्धीमागचा विचार नीट पाहिला तर त्यात पिणाऱ्याच्या मनाला कुठं जागाच नाही. तो तहानेनं आला, हक्कानं आला, श्रद्धेनं आला, काहीही असो. शरीर लागलं की पाणी बाटलं. आणि शुद्धी करणाऱ्याच्या मनालाही जागा नाही. घागरी मोजून ओतल्या की काम झालं. दोन्ही टोकांना कृती आहे, माणूस कुठंच नाही. तळ्याचा दावा पुढे मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९३७ च्या मार्चमध्ये आंबेडकरांच्या बाजूनं निकाली निघाला. त्याआधी वर्षभर, १९३६ मध्ये, त्यांनी जातिनिर्मूलनावरचं न झालेलं भाषण पुस्तकरूपानं छापलं. त्यात नियम आणि तत्त्व यांतला फरक मांडला आहे. नियम काय करायचं ते सांगून मोकळा होतो, तत्त्व निवडायला लावतं. धार्मिक कृत्य एखादे वेळी चुकेल, पण ते करणाऱ्याच्या जबाबदारीचं असायला हवं, आणि धर्म नुसत्या नियमांचा झाला की ही जबाबदारीच मरते. इथं बिघाडाचा अर्थ बदलतो. पालीतल्या कथांत बिघाड म्हणजे हेतू नसताना घडलेली कृती. आंबेडकरांच्या मांडणीत माणसालाच असा भाग बनवून टाकणं, की आतून काहीही न विचारता तो पिढ्यान्‌पिढ्या एकाच दिशेला सरकत राहील.

आता गेमच्या सेटिंगमधल्या ‘डेड झोन’विषयी. मध्याभोवती एक छोटं वर्तुळ धरायचं आणि त्यातली कुठलीही हालचाल यंत्रानं मानायचीच नाही, अशी ही सोय. ती वाईट नाही. कोरा करकरीत कंट्रोलरही मध्यावर अगदी काटेकोर उभा राहत नाही, म्हणून थोडा डेड झोन प्रत्येकाला लागतो. चुंबकीय स्टिकलाही हेच, कारण तिथं काही घासत नसलं तरी स्प्रिंग स्टिकला दर वेळी केसाएवढी इकडेतिकडे आणून ठेवते, आणि विश्रांतीची जागा कुठली हे कॅलिब्रेशन करून कुणीतरी सांगावंच लागतं. पण ड्रिफ्ट आला म्हणून हे वर्तुळ वाढवत नेलं की पडद्यावरचा माणूस उभा राहतो खरा. आत झीज चालूच राहते, आणि अंगठ्याची बारीक, हलकी हालचालही यंत्राला कळेनाशी होते. १९२४ चा ठराव ज्यांनी फक्त वाचला असता त्यांना महाडमध्ये काही अडचण आहे हे कळलंच नसतं.

शिवथरघळ याच महाड तालुक्यात आहे. समर्थ रामदासांनी दासबोध इथं सांगितला आणि कल्याणस्वामींनी लिहून घेतला, अशी परंपरा. दासबोधातल्या प्रयत्नवादाचं कौतुक भाषणांतून पुष्कळ होतं. त्यापेक्षा एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास वाचावा. अध्यात्माच्या ग्रंथात मध्येच समर्थ लेखणी कशी तासावी, शाई कशी असावी, अक्षर सारखं कसं यावं, पोथी कशी राखावी हे कारागिराच्या बारकाईनं सांगतात. हत्यार बिघडलं तर विचार चुकीचा उमटेल, म्हणून हत्याराची निगा हाही साधनेचाच भाग, हे त्यांना वेगळं सांगावंसंही वाटलेलं नाही. खंडेनवमीला हत्यारांना हळदकुंकू लावणाऱ्या कोकणातल्या घरांत ही समजूत अजून आहे. त्या पाटावर कोयता, सुतारकामाचा रंधा आणि आता लॅपटॉपही दिसतो. कंट्रोलर ठेवायला आजीची परवानगी मिळेल का, हे त्या त्या घरावर.

या सगळ्याचा कस जुना कंट्रोलर विकताना लागतो. समजा, महाडमधल्या एकाला आपला ड्रिफ्टवाला कंट्रोलर पोलादपूरच्या एका ओळखीच्याला द्यायचा आहे. डेड झोन वाढवलेला गेम लावून दाखवला की घेणाऱ्याला काही दिसणार नाही. विकणारा खोटा शब्दही बोललेला नसेल. ‘चालतोय बघ’ एवढंच म्हणेल, आणि ते खरंच असेल. पण चक्खुपालाची सूट त्याला लागू होत नाही, कारण त्यानं पाहिलेलं आहे. पाच कारणांची यादीही त्याला सोडवत नाही. डेड झोन दैवानं वाढवलेला नाही. त्यानं सेटिंग मूळ आकड्यावर आणून मग कंट्रोलर हातात द्यावा. समोरचा भाव निम्म्यावर आणेल, वर नव्या डबीचे आणि सोल्डर मारायच्या मजुरीचे पैसे कापून मागेल. सौदा तिथून सुरू होईल.